कास पाहणारी माणसे

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात दरवर्षी एकाच प्रश्नावर वाद होतो. शेवटची धार किती वाजता काढायची? परीक्षक सकाळी दहाच्या सुमारास कास पाहणार असतील, तर सातला पिळलेल्या शेळीच्या कासेत तोपर्यंत पंधरा तासांचे दूध साचते आणि कास डोळ्यांत भरते. पण तेवढ्यानेच ती तटतटते, शेळी मागचे पाय फाकवून अवघडल्यासारखी चालते, आणि जाणता परीक्षक ते पहिल्या चार पावलांत ओळखतो. सासरे, म्हणजे आमचे आबा, सातच्या बाजूचे. मुलाचा कौल नऊला. मुलीचे म्हणणे असे, की एरवी शेळी सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने पिळली जाते, तर आपल्या बक्षिसासाठी तिच्या कासेत त्याहून जास्त वेळाचे दूध एका दिवसापुरतेही साचू देऊ नये. अकराला उठून काढावी. मी सहसा मुलीच्या बाजूने असते, आणि त्याची शिक्षा म्हणून अकराला मलाच उठावे लागते.

आमचे गाव संगमनेर आणि सिन्नर यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आहे. प्रवरेचे कालवे जिथे पोहोचतात तिथे ऊस आहे आणि गोठ्यांत संकरित गायी आहेत. आमच्याकडे बाजरी, थोडा कांदा, बांधावरची बाभूळ आणि शेळ्या. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, यजमान शेती आणि पिठाची गिरणी पाहतात. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या दोन गायी चारा छावणीत गेल्या आणि तिथूनच विकल्या गेल्या. सासूबाईंची एक शेळी मात्र दावणीला राहिली, कारण बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि घरातले उष्टे यांवर ती दोन करडे वाढवून शिवाय चहापुरते दूध देत होती. तिच्या पांढऱ्या अंगावर कवड्यांसारखे तपकिरी ठिपके होते, म्हणून तिचे नाव कवडी. आज दावणीला असलेल्या अकरा शेळ्यांपैकी सात तिच्याच वंशातल्या आहेत.

कवडी संगमनेरी जातीची. ही जात आताच्या अहिल्यानगर, नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांतली. बहुतेक शेळ्या पांढऱ्या किंवा पांढऱ्यावर तपकिरी-काळे डाग असलेल्या. कान मध्यम लांबीचे आणि लोंबते, शिंगे मागे वळलेली, केस आखूड आणि राठ. धाराशिवकडची उस्मानाबादी काळी शेळी मांसासाठी आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. संगमनेरीचे वैशिष्ट्य असे, की ती मांसालाही चालते आणि दुधालाही. दूध म्हणजे पंजाबकडच्या बीटलसारखे भांडे भरून नव्हे. साधारण शेळी दिवसाला अर्धा ते एक लिटर देते आणि साडेपाच महिन्यांच्या आसपास आटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचे काम अनेक वर्षे चालू आहे, आणि तिथल्या लोकांनीच आमच्या मुलाला पहिल्यांदा सांगितले की चांगली शेळी डोळ्यांनी नव्हे, वहीने निवडायची असते.

त्या वहीने आमच्या घरात बरीच उलथापालथ केली. तोवर शेळी म्हणजे वजन, असा सरळ हिशेब होता. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आणि आठवडी बाजारात त्यांच्यातल्या बहुतेकींची किंमत एकाच रीतीने ठरते: व्यापारी कमरेवर हात टाकतो, पाठीच्या कण्याजवळचे मांस दाबतो, किलोचा अंदाज सांगतो. कासेकडे त्याचा हात जात नाही. जाण्याचे कारणही नाही, कारण तो विकत घेणार आहे ते कासेत नाही. मुलाने मात्र ताणकाटा आणून दूध तोलायला सुरुवात केली. करडे रात्री वेगळी बांधायची, सकाळी एक सड करडांना सोडायचा आणि दुसऱ्याचे दूध भांड्यात काढून तोलायचे, मग दुप्पट धरायचे. शास्त्रशुद्ध नसेल, पण आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, त्याच माणसाने केले की शेळ्याशेळ्यांमधला फरक दिसू लागतो. कवडी दुसऱ्या महिन्यात सव्वा लिटरला पोहोचली. आबांची लाडकी, अंगाने भरलेली, बाजारात सर्वांत जास्त बोली लागलेली शेळी साडेचारशे ग्रॅमच्या वर कधी गेली नाही. आबा दोन दिवस काट्यालाच दोष देत होते.

या दुधाला खरे तर आमच्याकडे बाजार नाही. गावच्या संकलन केंद्रावर गायीचे आणि म्हशीचे अशी दोनच खाती आहेत. महात्मा गांधींनी दूध न पिण्याचे व्रत घेतले होते, आणि १९१९च्या सुमारास आजारपणातून उठताना कस्तुरबांनी त्यांना सुचवले की शेळीच्या दुधाला हरकत नसावी, कारण व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैसच होती. गांधीजींनी ते घेतले, आणि व्रताचे शब्द पाळले पण त्याचा आत्मा पाळला नाही, ही बोच आत्मकथेत लिहूनही ठेवली. मला वर्गात हा प्रसंग सांगताना नेहमी आमचे संकलन केंद्र आठवते. शेळीचे दूध हे दूध म्हणून मोजायचेच नाही, ही सोय तेव्हाही होती आणि आजही आहे.

अपवाद पावसाळ्याचा. डेंग्यूची साथ आली की शहरांत शेळीच्या दुधाचा भाव एकदम चढतो, आणि ज्यांनी वर्षभर त्या दुधाला वास येतो म्हणून नाक मुरडलेले असते तीच माणसे बाटल्या घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहतात. या दुधाने रक्तातल्या प्लेटलेट वाढतात असा समज आहे. त्याला भक्कम वैद्यकीय आधार नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, दूध उकळून घ्या असेही सांगते, आणि नेहमीचाच भाव घेते. यजमानांच्या मते हा माझा शिक्षकी आजार आहे. वासाबद्दल मात्र लोक अगदीच चूक नाहीत. बोकड शेळ्यांतच मोकळा ठेवला आणि धार काढताना भांडे उघडे राहिले तर दुधाला उग्र वास लागतो. आमचा बोकड गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असतो, आणि आमचा चहा पिऊन पाहुण्यांना आजवर काही कळलेले नाही.

कामांची वाटणी कधी कोणी बसून केली नाही. ज्याला जे सहन झाले नाही ते त्याच्याकडे गेले. सासूबाईंना उपाशी जनावराचे ओरडणे सहन होत नाही, म्हणून पहाटेचा चारा त्यांचा: थोडी बाजरीच्या सरमाडाची कुट्टी, शेवरी आणि सुबाभळीचा पाला, वर गिरणीतल्या मक्याचा भरडा. सुबाभूळ शेळ्या हावरटासारखी खातात, पण त्यात मायमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, त्यामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे ती जाऊ द्यायची नाही. यजमानांना घाण सहन होत नाही, म्हणून झाडलोट आणि लेंडीखताचा ढीग त्यांचा. लसींचे वेळापत्रक माझे. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस चुकली की काय होते ते आम्ही एका जूनमध्ये पाहिले आहे: संध्याकाळी उड्या मारणारी तीन करडे सकाळी ताठ झालेली होती. त्या वर्षी लस लांबणीवर टाकली ती मी, दहावीच्या निकालाच्या गडबडीत. दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोय नव्हती. व्यायलेल्या शेळीपाशी मुलगी बसते. जन्मल्यापासून तासाभराच्या आत करडाच्या पोटात चीक गेला पाहिजे, नाळेला आयोडीन लागले पाहिजे, आणि जार पडेपर्यंत तिथून हलायचे नाही, हे तिचे नियम ती घरच्या मोठ्यांनाही कडक शब्दांत ऐकवते.

प्रदर्शनाची कल्पना आबांची. तरुणपणी ते अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन पाहायला पायी गेलेले होते, आणि घाटमाथ्याच्या पावसात तुकतुकीत राहणाऱ्या त्या ठिपकेदार बैलांचे वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की बैल आम्हीच पाहिले असे वाटते. शेजारच्या तालुक्यातल्या यात्रेत पशुप्रदर्शन भरते आणि त्यात दुधाळ शेळीचाही गट असतो, हे २०१७मध्ये कळले तेव्हा आबांनी कोणालाही न विचारता कवडीचे नाव देऊन टाकले. मग तयारीवरून दोन पिढ्यांत जे झाले ते सांगण्यासारखे आहे. आबांच्या लेखी प्रदर्शन म्हणजे पोळ्याची थोरली बहीण. त्यांनी शिंगांना हिंगूळ, बेगड आणि गळ्यात घुंगरांची माळ आणली. अंगावर झूल शिवायला टाकण्याच्या बेतात होते. मुलाने नियमांचा कागद पुढे केला. परीक्षकाला पाठ, बरगड्या, पाय आणि कास दिसली पाहिजे. झूल घातली तर तो पाहणार काय? शेवटी तडजोड झाली. रिठ्याने अंघोळ, शिंगांना खोबरेल, खूर कोरून सारखे केलेले, आणि कपाळावर हळदीकुंकवाचे एक बोट, जे सासूबाईंनी मैदानाच्या दारात कोणाचे लक्ष नसताना लावले.

चालवायला शिकवणे हे खरे काम, आणि ते मुलीने केले. बैल दाव्याला ओळखतो. शेळी माणसाला ओळखते. दावे ओढले की ती चारही पाय रोवते आणि गळा आवळून घेऊन खोकते, पण ओळखीचे माणूस तिच्या खांद्याशी खांदा लावून निघाले तर ती दाव्याशिवायही चालते. मुलगी तेव्हा पाचवीत होती. महिनाभर शाळेतून आल्यावर दप्तरासकट ती कवडीला घेऊन खळ्यावर फेऱ्या मारायची. परीक्षक डाव्या बाजूला आला तर आपण उजवीकडे जायचे, जनावराच्या आणि त्याच्या मध्ये कधी उभे राहायचे नाही. परीक्षकाच्या जागी मी उभी राहायचे आणि मुद्दाम उलटसुलट फिरायचे. एकदा तिने विचारले, कवडीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या त्या दोन लोलकांना गुण असतात का? मी तिला सांगितले की संस्कृतात त्यांना अजागलस्तन म्हणतात, आणि दिसायला सडांसारखे पण दूध न देणारे, म्हणून निरुपयोगी वस्तूला तेच नाव देतात. तिला ते अजिबात पटले नाही. कवडीला तिथे खाजवलेले आवडते, मग निरुपयोगी कसे, असा तिचा प्रश्न होता.

मैदानात पोहोचल्यावर पहिले लक्षात आले ते हे, की गर्दी आमच्यासाठी नव्हती. लोक बोकडांच्या मांडवात होते. तिथे जमनापारी, सिरोही, आफ्रिकी बोअर अशा नावांच्या पाट्या होत्या, वजनांचे आकडे होते, मोबाइलवर चित्रण चालले होते, आणि एका बोकडाच्या गळ्यात मोसंब्यांचा हार होता, जो तो मधूनमधून खात होता. दुधाळ शेळ्यांच्या गटात आम्ही धरून सात जण होतो आणि प्रेक्षक म्हणून आमचीच सात घरे. पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ परीक्षक होते. त्यांनी प्रथम ओठ वर करून दात पाहिले; दोन दाती, चार दाती, जुळलेली असे वय लिहून घेतले. मग प्रत्येक शेळीला चालायला लावले आणि स्वतः मागे जाऊन उकिडवे बसले. बराच वेळ ते नुसते मागून पाहत होते. आमच्यापैकी कोणीही कधी शेळीकडे मागून, तिच्या उंचीवर बसून पाहिले नव्हते.

त्यानंतर धार. आणि तिथे कवडीने पान्हा चोरला. ध्वनिक्षेपक, कुत्री, अनोळखी माणसाचा हात, कारण काहीही असो. भरलेली कास आणि भांड्यात जेमतेम दोन वाट्या. मुलगी खाली बसली, तिने कासेला कोमट पाण्याचा फडका लावला, करडू धक्का देते तशी मुठीने हलकेच ढुसणी दिली, गळ्याखालचे ते निरुपयोगी लोलक खाजवले. आणखी थोडे आले, पण वेळ संपली होती. तीन बक्षिसांत आमचे नाव नव्हते. मुलगी टेम्पोत चढेपर्यंत रडली नाही, टेम्पोत मात्र कवडीच्या मानेत तोंड खुपसून घाट संपेपर्यंत रडली.

निघण्यापूर्वी मात्र परीक्षकांनी सातही जणांना बोलावून प्रत्येक शेळीबद्दल दोन-दोन वाक्ये सांगितली होती, जे त्यांना करण्याची सक्ती नव्हती. कवडीची कास पोटाला पुढे आणि मागे रुंद धरलेली आहे, दोन्ही सड सारखे आणि धरायला सोपे आहेत. ही कास आठ वेतांनंतरही लोंबणार नाही. पण मागच्या पायांत खुराच्या वरचा सांधा खाली खचलेला आहे. ‘दूध कासेत असतं, पण शेळी पायांवर उभी असते,’ असे ते म्हणाले, आणि पुढे विचारले की गोठ्याला फरशी आहे का, खूर किती दिवसांनी कोरता. फरशी होती, कायम मुताने ओली. खूर आम्ही वर्षातून दोनदा कोरत असू. दीड-दोन महिन्यांनी कोरा आणि कोरड्या मुरमाच्या जागेत फिरू द्या, असे सांगून ते पुढच्या शेळीकडे वळले. काही दोष वंशात असतो, काही आपल्या हलगर्जीपणात, आणि दोहोंतले किती कोणाचे हे पुढच्या पिढीतच कळते.

ते खरेच पुढच्या पिढीत कळले. आम्ही गोठ्याची मागची अर्धी फरशी फोडली, मुरूम टाकला, आणि सरळ पायांच्या आईचा एक बोकड दुसऱ्या गावाहून आणला. तसेही दर दोन वर्षांनी बोकड बदलावाच लागतो, नाहीतर बाप-लेकींचा संकर होऊन करडे खुरटतात. कवडीची पाट, म्हणजे मादी करडू, हरणी ताठ पायांवर उभी राहिली. २०१९मध्ये तिला दुसरे बक्षीस मिळाले: एक स्टीलची घागर, आणि प्रशस्तिपत्र, ज्यावर शेळीच्या जागी चुकून ‘गाय’ छापलेले होते. आबांनी ते तसेच चौकटीत बसवून घेतले.

बोकडांबद्दल लिहायचे टाळले तर हा लेख खोटा होईल. दुधासाठी शेळी व्यायली पाहिजे, आणि व्यायली की निम्मी करडे नर निघतात. त्यांतला एखादा पैदाशीसाठी जातो. बाकीचे आखाडात किंवा बकरी ईदच्या आधी किलोवर विकले जातात, आणि आमच्या गोठ्याचा खर्च दुधातून नव्हे तर त्यांच्यातून निघतो. हरणीच्या कासेचे कौतुक तिच्या भावांच्या पैशांवर चालते, असे म्हटले तरी चालेल. घरात नियम आहे की नरांना नावे ठेवायची नाहीत. मुलीने तो एकदा मोडला. एका तांबूस बोकडाला तिने गुपचूप नाव दिले होते, ते आम्हाला व्यापारी आला त्या सकाळी कळले, कारण तिने त्या नावाने त्याला हाक मारली आणि तो गाडीतून मागे वळला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी वर्गात वाक्यात उपयोग करण्यासाठी देत असे. त्या वर्षापासून मी ती प्रश्नपत्रिकेत घालत नाही. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे धारेला बसली. तिने मांस सोडलेले नाही आणि प्रदर्शनही सोडलेले नाही; या दोहोंचा मेळ ती कसा घालते हे मी तिला विचारलेले नाही.

आता ती अकरावीनंतरच्या सुट्टीत आहे आणि वही तिच्याकडे आली आहे. कवडी म्हातारी झाली, समोरचे दोन दात पडले, तिला पाला बारीक करून द्यावा लागतो. सहा वर्षांपासून तिला गाभण घातलेले नाही आणि विकलेलेही नाही, ज्याला यजमानांच्या हिशेबवहीत कोणताही रकाना नाही.

सर्वांत जास्त बदलले ते आबा. गेल्या वैशाखात नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ पाहायला आम्ही जीप करून निफाडच्या बाजूला गेलो होतो. कांदेपोहे झाले, बैठकीत बोलणी सुरू झाली, आणि आबा दिसेनात. ते घरामागच्या दावणीपाशी सापडले, ऐंशीव्या वर्षी, धोतर सावरून, एका परक्या शेळीच्या मागे उकिडवे बसलेले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मुलाच्या नोकरीची, घराची, शेताची चर्चा झाली, आणि शेवटी मुलीच्या वडिलांनी आबांना आदराने विचारले, ‘तुम्हाला कसं वाटलं?’

‘मागून चांगली धरलेली आहे,’ आबा म्हणाले, ‘डावा सड जरा जाड वाटला. पण पाट झाली तर आपल्याला द्यायला सांगून आलोय.’